पालीत बुखारी कशाला

पत्र्याच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साचतात. एक, कापलेल्या पत्र्याचे तुकडे. दुसरी, गिऱ्हाइकांचे किस्से. तुकडे भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोण नेणार? ते माझ्याजवळच राहतात. कुणी घटकाभर बसलं की मग असे बाहेर पडतात.

चौसाळ्यात हायवेला लागून आमचं दुकान आहे. चुली, शेगड्या, पाणी तापवायचे बंब, सगळं लाकडावर चालणारं. आमचे हे, म्हणजे भागवत मिस्त्री, मागच्या शेडमध्ये वेल्डिंग करतात आणि पुढं गिऱ्हाईक मी बघते. इतक्या वर्षांत एक गोष्ट कळली. मोबाइल घेताना माणूस दुकानदारावर विश्वास ठेवतो, मोटारसायकल घेताना ठेवतो, जावई पसंत करतानासुद्धा मध्यस्थावर ठेवतो. चूल घेताना मात्र ठेवत नाही. चूल म्हटली की प्रत्येकाला वाटतं, ह्यातलं मला कळतं आणि म्हणूनच हे लोक मला फसवणार.

* * *

गावातल्याच एक गंगूमावशी आहेत. चूल घ्यायला आल्या त्या डोक्यावर कापसाच्या पऱ्हाट्यांचा भारा घेऊन. भारा खाली टाकला, पिशवीतून पातेलं काढलं, चहापत्तीची पुडी काढली, साखर काढली आणि शेवटी काडीपेटी काढली.

मी म्हटलं, "मावशी, काडीपेटी हाय की हितं."

"ऱ्हाऊ दे. तुमची चूल, तुमचीच काडी. पेटली तर पेटणारच की."

दुकानाच्या दारातच त्यांनी चूल पेटवली. फुंकर न मारता पेटली. चहाला उकळी आली तशी मला दिला, ह्यांना दिला, स्वतः बशीत ओतून निवांत प्यायल्या. चहा खरंच फक्कड झाला होता. मी तसं म्हटलं आणि हळूच विचारलं, "मग चूल बांधून देऊ का?"

मावशींनी पातेलं पुसून पिशवीत ठेवलं. "पत्ती माझी, साखर माझी, लाकडं माझी. च्या चांगला झाला ह्ये खरं. पर त्याच्यात चुलीनं काय केलं, ते सांग की."



* * *

पाली गावचे माणिकराव आले ते थंडी नुकती सुरू झाली तेव्हा. मिलिटरीतून रिटायर झालेले, म्हणून सगळे त्यांना फौजीच म्हणतात. ताठ माणूस, बोलणं कमी. शेडमध्ये गेले, खडू मागितला आणि फरशीवर चित्र काढायला लागले. गोल ड्रम, पुढं लाकडं घालायला तोंड, वर सपाट झाकण आणि झाकणातून निघून थेट भिंतीबाहेर जाणारं लांब धुराडं.

"ह्याला बुखारी म्हणतात," ते म्हणाले. "काश्मिरात घराघरात असती. धूर भाहीर, ऊब घरात."

ह्यांनी चित्राभोवती एक चक्कर मारली. "सैपाक कुठं करायचा?"

"सैपाक न्हाई करायचा."

"मग पाणी तापवायचं?"

"न्हाई."

"मग?"

"बसायचं."

"नुसतं?"

"नुसतं."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. आमच्या जिल्ह्यात उन्हाळ्यानं माणसं भाजून निघतात. ऊब विकत घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. मी विचारलं, "पालीत बुखारी कशाला, फौजी?"

"आमचं घर धरणाच्या अंगाला हाय. पाण्यावरनं वारा येतो, लई झोंबतो. मंडळी दर हिवाळ्याला खाटंखाली घमेल्यात इंगळ घेऊन बसायची आन् धुरानं खोकत ऱ्हायाची. मी तिकडं बर्फात बुखारीम्होरं गरम बसायचो, आन् ती हितं पालीत काकडायची." हे सगळं ते फरशीवरच्या चित्राकडं बघत बोलले.

ते गेल्यावर ह्यांचं सुरू झालं. "सुमन, ह्यात कायतरी भानगड हाय. बायकोसाठी एवढं कुणी करतं का?"

मी म्हटलं, "तुमाला भानगड वाटणारच."

सासूबाई दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "धूर भाहीर आन् ऊब आत," त्या म्हणाल्या. "असं मानूससुद्धा मी पाह्यलं न्हाई. चूल कुठून असंल?"

* * *

बुखारी तयार झाली. जाड पत्रा, आतून भट्टीच्या मातीचा लेप. फौजी ट्रायल बघायला आले आणि समोर स्टूल घेऊन बसले. ह्यांनी बाभळीची लाकडं घातली आणि पेटवली. पण धुराड्याचा एक जोड उलटा बसला होता. बघता बघता शेड धुरानं भरली. आम्ही खोकत बाहेर पळालो. शेजारचा हॉटेलवाला पाण्याची बादली घेऊन धावत आला.

फौजी आतच. ह्यांनी हाका मारल्या, तर आतून आवाज आला, "असू द्या. तिकडं बी पहिल्या दिवशी असंच व्हायचं."

मग ह्यांनी नाकाला रुमाल बांधून जोड सरळ केला आणि धूर धुराड्याला लागला. शेड स्वच्छ झाली, झाकण तापलं, छान ऊब पसरली. हॉटेलवालासुद्धा बादली ठेवून हात शेकायला लागला. फौजी स्टुलावरच होते आणि रुमालानं डोळे पुसत होते. पुन्हा पुन्हा पुसत होते.

ह्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. "सुमन, धूर तर कवाच गेलाय."

* * *

पालीला बुखारी बसवायला मीही गेले होते. फौजींच्या मंडळी, वत्सलावहिनी, दाराला टेकून उभ्या होत्या. बारीक अंगाच्या, डोळे मात्र सगळीकडं फिरणारे. धुराडं भिंतीतून बाहेर काढलं, सिमेंट लावलं, पेटवून दाखवलं, खोली गरम झाली. तरी वहिनींनी निखाऱ्यांचं घमेलं काही उचललं नाही.

"आता हे कशाला?" मी विचारलं.

"असू द्या. नव्या वस्तूचा आन् नव्यानं घरी आलेल्या माणसाचा लगीच भरवसा धरू न्हाई."

फौजी कायमचे घरी येऊन तेव्हा एक पावसाळा झाला होता.

खरी गंमत पुढं झाली. पालीत घराच्या भिंतीतून लोखंडी पाइप बाहेर आलेला कुणी बघितला नव्हता. रोज संध्याकाळी त्यातून धूर. स्वयंपाक तर मागच्या चुलीवर होतो, मग हा धूर कशाचा? गावानं अर्थ लावला. फौजी हातभट्टीची गाळतोय.

लोक यायला लागले. कुणी "सहज आलतो," कुणी "इकडनंच चाललो होतो." आले की आधी नाक वर करून वास घ्यायचे आणि मग रामराम घालायचे. शेवटी बातमी पोलीस जमादारापर्यंत पोचली. एका संध्याकाळी जमादार आला. बुखारीचं तोंड उघडून बघितलं, धुराडं ठोकून बघितलं, वर ठेवलेल्या किटलीचं झाकण काढलं. आत गुळाचा कोरा चहा. त्यानं वास घेतला, मग एक कप मागून घेतला. बूट काढले, मोजे काढले, पाय बुखारीकडं करून बसला. म्हणाला, "असल्या केसमधी घाई करून चालत न्हाई."

दुसऱ्या दिवशी परत आला. तिसऱ्या दिवशीही. फौजींनी एकदा विचारलं, "साहेब, काय सापडलं का?"

जमादारानं कप पुढं केला. "थंडी हाय तवर तपास चालूच ऱ्हाणार."

* * *

बुखारीचं नाव झालं. आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यांच्या, आबासाहेबांच्या कानावर गेलं. ते स्वतः आले नाहीत, त्यांचा माणूस आला, हातात सुतळी घेऊन. आधी पालीला जाऊन त्यानं फौजींच्या बुखारीचं माप घेतलं होतं.

"आबासाहेबांची ह्याच्यापेक्षा मोठी पायजे," तो म्हणाला. "आन् पत्रा त्योच का? फौजीला जाड दिला आन् आमाला पातळ, असं नको."

ह्यांनी पत्र्याची कड दाखवली. त्यानं नखानं टोकरून बघितली, दातानं चावून बघायची तेवढी राहिली.

बुखारी आबासाहेबांच्या बैठकीत बसली. भली थोरली. संक्रांत होऊन गेली, थंडी ओसरली, दुपारी पंखे लागायला लागले, तरी ती पेटलेलीच. ह्यांना संशय आला की बुखारी विझत नसावी आणि म्हणून आपल्यावर खापर फुटणार. एक दिवस सर्व्हिसिंगच्या निमित्तानं आम्ही बघायला गेलो. बैठकीत लोक घामानं निथळत होते. एक जण गावच्या रस्त्याचं गाऱ्हाणं सांगत होता, पण दर वाक्याला उपरण्यानं तोंड पुसत होता. शेवटी "बघा आबासाहेब, जमलं तर" म्हणून उठलाच. आबासाहेब मात्र खिडकीजवळ, टेबलफॅन फक्त त्यांच्या एकट्यावर.

ह्यांनी विचारलं, "आबासाहेब, बुखारीबद्दल काही तक्रार?"

"मिस्त्री, लई कामाची वस्तू दिली तुमी. पयले लोक दुपारपातूर हलत नव्हते. आता च्या यायच्या आत उठत्यात."

* * *

मधेच एक किस्सा सांगायचा राहिला. तेलगावकडची मुक्ता म्हणून एक बाई दिवाळीच्या सुमाराला आली होती. नवराबायको ऊसतोडीला जायच्या तयारीत. तिला कारखान्यावर न्यायला लहान शेगडी पाहिजे होती. मी चांगल्या, चकचकीत शेगड्या मांडल्या. तिनं त्यांच्याकडं बघितलंही नाही. कोपऱ्यात एक पोचा आलेली, रंग उडालेली शेगडी पडली होती, ती उचलली.

मी म्हटलं, "अगं, ती फुटकी दिसती. चांगली घे की."

"चांगली नेली तर दुसऱ्याच दिवशी जाती. कोपीला दार कुठं असतं, ताई? उसाच्या पाचटाचा आडोसा तेवढा. आमी पहाटं फडात गेलो का मागं कोन बघतंय?" तिनं शेगडी उलटी करून तळ तपासला. तळ धड होता. मग ती ह्यांच्यापुढं धरली. "मिस्त्री, हिला अजून दोन हाणा. कुणाला घ्यावी वाटू ने."

आमचे हे आपल्या मालाला ओरखडासुद्धा जाऊ देत नाहीत. त्यांनी हातोडी घेतली, थोडा वेळ तशीच धरली आणि मग हाणले.

* * *

आता शेवटचं. पुढच्या वर्षी थंडीला सुरुवात झाली आणि वत्सलावहिनी एकट्याच एसटीनं चौसाळ्याला आल्या. दुकानात बसल्या, पाणी प्यायल्या. मी विचारलं, "बुखारी बिघडली का?"

"बिघडली न्हाई." मग त्यांनी ह्यांना हाक मारून पुढं बोलावलं आणि सरळ डोळ्यात बघून विचारलं, "मिस्त्री, खरं सांगा. तुमी तिच्यात काय घातलंय?"

हे गडबडले. "पत्रा, वहिनी. आन् भट्टीची माती. दुसरं काय घालणार?"

"आनखी काय?"

"आईशप्पत, काय न्हाई."

वहिनींना ते पटल्यासारखं दिसलं नाही. पण थोड्या वेळानं त्या बोलायला लागल्या. फौजी घरी आल्यापासून घरात बोलतच नव्हते. जेवायला वाढलं तर "हां," काही विचारलं तर "हूं." सुटीवर यायचे तेव्हाही असंच, पण तेव्हा वाटायचं, चार दिवसांचा पाहुणा, काय बोलणार. आता कायमचे आले तरी तेच. मग गेल्या हिवाळ्यात बुखारी आली. सुरुवातीला गावचे लोक आणि जमादार असायचे, म्हणून कळलं नाही. थंडी ओसरता ओसरता लोक यायचे बंद झाले आणि एका संध्याकाळी वहिनी भाकरी थापता थापता ऐकतात तर खोलीतून बोलण्याचा आवाज. हळू, पण सलग. त्या पिठाच्या हातानं तशाच दाराशी गेल्या. खोलीत फौजी एकटे, स्टूल बुखारीजवळ ओढलेलं, पुढं वाकून बोलत होते.

"काय बोलत व्हते?" मी विचारलं.

"नावं घेत व्हते कुणाकुणाची. मदीच हसायचे. मदीच म्हनायचे, 'तू पुढं हो, मी आलोच.' मला वाटलं, फोनवर हायती. तर फोन खुंटीवर, पिशवीत." वहिनींनी पदर सारखा केला. "मी आत गेले तसे गप झाले. म्हनलं, कुणाशी बोलता? तर म्हनले, 'कुणाशी न्हाई. विस्तवाशी.' तवापासून बुखारी पेटली का आसंच. मी दाराशी बसून ऐकते. माझ्याशी बोलले न्हाईत येवढं त्या विस्तवाशी बोलले."

ह्यांनी खाली बघत विचारलं, "मग काढून आणू का बुखारी?"

"नका. ती त्यांची हाय." वहिनी उठल्या आणि शेडच्या दारापर्यंत जाऊन आत उभ्या केलेल्या नव्या पत्र्याकडं बघत राहिल्या. "मला एक येगळी करून द्या. तशीच. त्याच खोलीत, तिच्या समोर बसवा."

"एका खोलीत दोन बुखाऱ्या? वहिनी, ऊब लई व्हईल."

"हू द्या," त्या म्हणाल्या. "आन् तोंड तेवढं मोठं ठेवा. माझं सांगायचं लई ऱ्हायलंय."