बारा नंबरचा घोटा

आमची थोरली मुलगी कलबुर्गीला फिजिओथेरपी शिकली, पुढील शिक्षणासाठी इंग्लंडला गेली आणि तिथल्या एका व्यावसायिक बास्केटबॉल संघात तिला एका हंगामापुरती नोकरी मिळाली. तेव्हापासून मुडबी गावातल्या आमच्या घरी रविवारची जेवणे सामन्याच्या वेळेनुसार होऊ लागली; तिकडे दुपार असते तेव्हा आमची ताटे वाढलेली असतात. मोबाइल टीव्हीला जोडून आम्ही तिघे बसत असू: मी, तुरीची आडत चालवणारे माझे यजमान आणि शेजारच्या अक्का. अक्कांचे घरातले बोलणे कन्नड, आमच्याशी मराठी. खेळापेक्षा बाकाच्या टोकाला बसलेली आमची मुलगी दिसते का, याकडेच त्यांचे लक्ष असे.

मी नोकरीभर गणित शिकवले, त्यामुळे नियम समजावण्याचे काम आपोआप माझ्याकडे आले. लीगमध्ये प्रत्येक संघ इतरांशी पुन्हा पुन्हा खेळतो. आज हरला तरी पुढे सावरता येते. चषक स्पर्धेत हरणारा संघ बाहेर पडतो. उपांत्य फेरी मात्र दोन सामन्यांची होती. एक सामना त्यांच्या गावी, एक आपल्या. दोन्हींतल्या गुणांची बेरीज ज्याची जास्त, तो संघ अंतिम फेरीत.

नियम मी सांगितला होता, पण तो कुणाच्या मनात उतरला नव्हता. उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात अगदी शेवटी आपला संघ तेरा गुणांनी मागे होता. यजमान ताट घेऊन उठले. "हारले की! आता कामून एवढं पळायलेत?"

पळत होता तो प्रामुख्याने बारा नंबरचा खेळाडू, त्या संघातला सर्वांत कसलेला. त्याने चेंडू हिसकावून दोन गुणांची एक बास्केट केली, लगेच तशीच दुसरी. दुसऱ्या वेळी खाली येताना त्याचा पाय दुसऱ्याच्या बुटावर पडला आणि घोटा मुरगळला. संघ नऊ गुणांनी हरला. आमची मुलगी पेटी घेऊन मैदानात धावली.

"हरलेल्या खेळात पाय मोडून घेतला येड्यानं," यजमान म्हणाले.

मी सांगितले, की तेरा आणि नऊ यांत फरक आहे. पुढच्या सामन्यात आता नऊच गुण भरून काढायचे आहेत. ते दारातच थांबले. तुरीचा हंगाम असल्याने त्यांचा सगळा दिवस वजनकाट्यावर जात होता. "म्हंजे भरल्या गाडीचं वजन झालंय, रिकाम्या गाडीचं व्हायचंय; त्याबिगर माल किती ते कळत नाही. असं सांग की मास्तरीणबाई!" इतक्या वर्षांत मला इतके नेमके उदाहरण क्वचितच सुचले असेल.

त्या आठवड्यात मुलीचे फोन वरचेवर आले. खेळाडू उतरण्याजोगा आहे की नाही, हे सांगणे तिचे काम होते. बारा नंबर सरळ धावू शकत होता, वळताना घोटा दगा देत होता. खेळू दे म्हणून तो स्वतः विनवत होता. एकाच सामन्याचा तर प्रश्न आहे, असे प्रशिक्षक रोज म्हणत होते, आणि तिचा करार पुढे चालू ठेवणे त्यांच्याच शब्दावर अवलंबून होते.

"आई, त्याला एका पायावर उड्या मारायला लावल्या. तिसऱ्या उडीला त्यानं ओठ चावला. मला नाही म्हणावं लागेल."

यजमानांनी फोन घेतला. "बाई, तुझं काम पट्टी बांधायचं. बांध आन् सोड. पुढच्या वर्षी ठेवतील का तुला?"

"अप्पा, घोटा तुटला तर पुढच्या वर्षी त्याला कोण ठेवील?"

"बापाला गप केलं की हो पोरीनं!" शेजारी बसून ऐकणाऱ्या अक्का खूश झाल्या.

दुसऱ्या सामन्याला बारा नंबर साध्या कपड्यांत तिच्या शेजारी बसलेला दिसला. घरचे सभागृह लहानसे. जमिनीवर बॅडमिंटनच्याही रेषा आखलेल्या, पहिल्या रांगेत शाळेची मुले. त्याच्याशिवाय खेळणाऱ्या त्या पाच जणांचे मला फार कौतुक वाटले. कुणीही चेंडू सोडून दिला नाही, कुणीही चुकलेल्या सोबत्याकडे रागाने पाहिले नाही. शेवटच्या क्षणी ते सहा गुणांनी पुढे होते. दुरून टाकलेल्या बास्केटला तीन गुण मिळतात. तेवढ्याने बेरीज समान झाली असती. चेंडू सुटला, रिंगवर फिरला आणि बाहेर पडला.

सामना जिंकून ते जमिनीवर डोके धरून बसले.

"जिंकल्यावर कामून रडायलेत हो?" अक्कांनी विचारले. या वेळी सगळे यजमानांनी समजावले. मग ते हळूच म्हणाले, "तो असता तर..." मलाही तेच वाटत होते. तिकडे ते प्रत्येकालाच वाटत असणार, आणि आमची मुलगी त्या सर्वांच्या मध्ये उभी होती. त्या दिवशी तिचा फोन आला नाही.

पुढच्या रविवारी लीगचा सामना होता. हंगामभर मी पाहत आले होते: प्रशिक्षक आधी हातातल्या छोट्या फळ्यावर खेळणाऱ्या पाच जणांची नावे लिहीत आणि मग त्यांतल्या ज्याचे दुखत असेल त्याला पट्टी बांधायला तिच्याकडे धाडत. त्या दिवशी ते कोरा फळा घेऊनच बाकाच्या टोकाशी आले, तिच्यापुढे वाकले आणि काही बोलले. तिने बारा नंबरकडे पाहून नकारार्थी मान हलवली. मग दुसऱ्या एकाचा गुडघा दाबून पाहिला आणि होकार दिला. त्यानंतर त्यांनी लिहायला सुरुवात केली.

करार वाढेल की नाही, हे अजून ठरायचे होते. पण यजमान घास हातात तसाच ठेवून टीव्हीजवळ सरकले होते. "विचारायलाय बघा तिला," ते अक्कांना म्हणाले, आणि अक्कांनी मान डोलावली तरी पुन्हा म्हणाले, "तिला विचारून लिहायलाय."