घोंगडीतलं यंत्र

वाटूरच्या माळावर एक धनगर रोज मेंढ्या घेऊन यायचा. कोकरू असो की चहाचा ग्लास, आधी हाताची उलटी बाजू लावून पाहायची आणि मगच बोलायचं, ही त्याची सवय. आम्ही तिथे हवेतली वाफ मोजणारं अवरक्त यंत्र तपासत होतो. ते एकदा चंद्राकडे, एकदा मोकळ्या आकाशाकडे वळवायचं आणि दोन्ही आकड्यांतल्या फरकावरून वाफ काढायची. पण आकडे स्थिर राहत नव्हते. शेवटच्या संध्याकाळीही जमलं नसतं, तर यंत्र नापास ठरलं असतं.

त्या संध्याकाळी त्याने यंत्राच्या पेटीला उलटा हात लावला. "सायब, वाऱ्यानं हे एका अंगानं गार पडून राह्यलंय. असं कोकरू दूध बी पेत न्हाई."

खांद्यावरची घोंगडी काढून त्याने पेटीला गुंडाळली, फक्त तोंड उघडं ठेवलं. थोड्याच वेळात आकडे स्थिरावले. साठीला टेकलेला मी माळावर नाचलो.

अहवालात मात्र आवरणाची कल्पना माझी म्हणून लिहिली. ते कित्येक वर्षं सलत राहिलं. यंदा अहवाल छापणाऱ्या नियतकालिकाला दुरुस्तीचं पत्र धाडलं आणि ते त्याच्या नावासकट छापून आलं. माळावर जाऊन मी त्याला ते वाचून दाखवलं.

"बराबर हाय," तो म्हणाला. "पर लोकर माझ्या बायकोनं कातल्ती. तिचं नाव न्हाई का?"

दुसरं पत्र मी तिथेच बसून लिहिलं.