पालुपीची गाळणी

इंडोनेशियातल्या सोलो शहरात लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका स्टुडिओत पालुपी कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायची. तिशी उलटलेली, जीभ तिखट. "लोकांच्या लग्नांत इतकं जेवलेय, की स्वतःच्या लग्नाची भूकच मेली," असं आईला सुनवायची.

एका लग्नात पडद्यावर दोन्ही घरांचे जुने फोटो दाखवायचे होते. फोल्डरमधले फोटो तेवढे उचलायचे, बाकीचा कचरा वगळायचा. पालुपीने प्रोग्रामला सांगितलं, नावाच्या शेवटी जेपीजी असेल तेच घे.

सकाळच्या तालमीला नवरदेवाची आई बू तुमिरा, म्हणजे आपल्याकडच्या तुमिराबाई, पुढ्यातच बसल्या. नवरीकडचे मामा, आत्या, कुत्रासुद्धा झळकून गेला. नवरदेवाकडचं चिटपाखरू नाही. त्यांच्या सगळ्या फायली निघाल्या पीएनजी.

"माझा मुलगा काय आभाळातून पडला?" बू तुमिरा कडाडल्या.

पालुपीने घाईघाईत अट बदलली: शेवटी जेपीजी आणि पीएनजी हवं. पडदा कोरा!

"वा! आता सूनही आभाळातूनच!"

"चुकलं, बू. एकेका फाइलीला दोन-दोन शेपट्या मागितल्या मी. कुठून आणणार बिचाऱ्या?"

स्टुडिओचे मालक पाक गुनार्दी, म्हणजे गुनार्दीसाहेब, घामाघूम झाले. "अगं, ती गाळणीच काढून टाक! सगळं येऊ दे!"

"सगळं म्हणजे सगळं येईल हं, पाक."

"येऊ दे म्हटलं ना!"

आलं. फोल्डर पाकच्या फोनवरून उतरवलेलं होतं, त्यांच्या खासगी व्हिडिओंसकट. नवरदेवाच्या बारशाच्या फोटोमागोमाग खुद्द पाक गुनार्दी पडद्यावर अवतरले. कमरेला टॉवेल, हातात शाम्पूची बाटली, आणि प्रेमगीताची बेंबीच्या देठापासून तान. टॉवेल घसरायच्या बेतात असताना पालुपीने वायर उपटली.

मग बू तुमिरा अशा हसल्या, की नेसूचं सावरायला दोघी बहिणी धावल्या.

पालुपीने नीट बसून लिहिलं: आधी सगळी नावं इंग्रजी छोट्या अक्षरांत आण, म्हणजे मोठ्या अक्षरांतली सुटायची नाहीत; मग जेपीजी, जेपीईजी किंवा पीएनजी, यांतलं कुठलंही शेपूट चालेल. बाकी बाहेर. समारंभ बिनबोभाट पार पडला. पाक मात्र दिवसभर खांबाआडच होते.

जेवताना बू तुमिरांनी तिच्या पानात मटण वाढलं आणि हळूच विचारलं, "माझा एक भाचा आहे, बघतेस?"

तिने बघितला. भाच्याशी काही जमलं नाही. बू तुमिरांशी मात्र जमलं. ईदला पालुपी त्यांच्याकडेच जाते, आणि दोघी मिळून अख्ख्या गावाच्या लग्नांची यथेच्छ टवाळी करतात.