न आलेल्या बसचा कोपरा

टेपकाका हे नाव त्यांना आमच्या गल्लीतल्या मुलांनी ठेवलं आणि ते इतकं चिकटलं की आता मोठी माणसंही तेच म्हणतात. शर्टाच्या खिशात एखाद्या वेळी पेन नसेल, पण पॅन्टच्या खिशात पाच मीटरचा पोलादी टेप असणारच. कोणाकडे चहाला गेले तरी बोलता बोलता जिन्याची पायरी मोजतील आणि म्हणतील, "साडेएकोणीस सेंटिमीटर. तरीच तुमचे गुडघे दुखतात."

चौतीस वर्षं त्यांनी शहराच्या नियोजन विभागात काढली. रस्ते कुठून जावेत, शाळेला किती जागा सोडावी, दुकानं कुठे असावीत, हे कागदावर आखायचं काम. निवृत्त झाल्यावर सहा महिने घरी होते. त्या सहा महिन्यांत त्यांनी काकूंच्या स्वयंपाकघराचा नवा आराखडा केला. डबे वापराच्या क्रमाने लावले, फ्रिजचं दार उलट्या बाजूने उघडेल असं करून घेतलं. आठ दिवस काकूंना साखर सापडत नव्हती. शेवटी त्या म्हणाल्या, "अहो, मोजायचंच आहे ना, मग बाहेर जाऊन मोजा!" आपल्या भागाच्या नियोजन मंडळात जागा रिकामी होती, तिचा अर्ज काकूंनीच भरला असं त्या सांगतात. काका म्हणतात, "अर्ज मी भरला. हिने फक्त पेन दिलं."

हे मंडळ नऊ जणांचं. सगळे हौसेचे, पगार कोणालाच नाही. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत बसतात. कोणाला गच्चीवर खोली हवी असते, कोणाच्या भिंतीने शेजाऱ्याचा उजेड अडलेला असतो. बरेच सभासद फाइल तिथेच पहिल्यांदा उघडतात. काका मात्र प्रत्येक जागेवर आधी जाऊन उभे राहतात, आणि तेही ती जागा वापरात असेल त्या वेळेला. गॅरेजचा अर्ज असेल तर भर दुपारी, भाजीबाजाराचा असेल तर पहाटे. "रिकामी जागा खोटं बोलते," असं ते म्हणतात.

माझा त्यांच्याशी संबंध आला तो भांडणातून.

माझी मुलगी साडेआठ वर्षांची आहे. शाळा घरापासून सात मिनिटांवर. वाटेत एकच अडचण: आमची गल्ली मोठ्या रस्त्याला जिथे मिळते, तिथे गल्लीचं तोंड ओलांडावं लागतं. मोठ्या रस्त्यावरून गाड्या तिथे अशा वळतात की वेग कमी करायचा असतो हे जणू त्यांना कोणी सांगितलेलंच नाही. मुलीचा हट्ट होता की आता एकटी जाणार. "वर्गात फक्त माझीच आई हात धरते," असं ती रोज ऐकवायची. मी म्हटलं होतं, त्या कोपऱ्यावर रेलिंग लागू दे, मग जा. आणि नुसतं म्हणून थांबले नाही. बेचाळीस सह्या गोळा केल्या, अर्ज लिहिला आणि मंडळापुढे दिला. खरं सांगायचं तर मला सुरक्षित कोपरा हवा होता आणि थोडा वेळही हवा होता.

मंगळवारी अध्यक्षबाईंनी अर्ज वाचून दाखवला. आठ माना डोलल्या. मी पर्स उचलायच्या बेतात होते, तेवढ्यात काका म्हणाले, "रेलिंग नको."

"का?" मी उभीच राहिले.

"रेलिंग दिसलं की गाडीवाल्याला वाटतं, आता मध्ये कोणी येणार नाही. तो आणखी जोरात वळतो. आणि मुलं पन्नास मीटर आत जाऊन, वळसा घालून परत येत नाहीत. खालून वाकून निघतात."

माझं डोकं फिरलं. "काका, तुमच्या घरी शाळेत जाणारं मूल नाही, म्हणून तुम्हाला हे सुचतंय."

काका-काकूंना मूलबाळ नाही, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं. शब्द तोंडातून निघून गेल्यावर ते आठवलं, इतकंच.

काकांनी चष्मा पुसला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "म्हणून उद्या तुमचं मूल घेऊन या. पावणेआठला, कोपऱ्यावर. अर्ज एक महिना थांबू दे."

रात्रभर मी मनात माफी जुळवत होते. सकाळी गेले तर त्यांनी बोलूच दिलं नाही. "या, अर्जदारबाई," म्हणाले आणि मुलीच्या हातात टेपचं टोक दिलं. मैदानावर रेघा मारतात ती पांढरी भुकटी त्यांनी उजाडताच वळणावर पातळ पसरून ठेवली होती. तोवर तिच्यावरून पन्नास-साठ गाड्या गेल्या असतील. चाकांनी भुकटी पुसून एक लांबलचक, गोल वळण काढलं होतं, पदपथाला अगदी चिकटून.

"बघा," काका म्हणाले. "एकही गाडी वळलेली नाही. सगळ्या घसरत आल्यात. आता तू मोज गं."

मुलीने टेप धरून गल्लीचं तोंड मोजलं. मग पावलांनी मोजलं.

"एकतीस पावलं!"

"आणि आत, सरळ गल्लीत?"

ती धावत गेली. "अकरा!"

"गल्ली सहा मीटरची आणि तोंड सतरा मीटरचं," काका म्हणाले. "कोपरे दोन्हीकडून एवढे गोल आहेत की गाडीला हळू व्हायचं कारणच उरत नाही. रेलिंग लावून पोरांना कोंडण्यापेक्षा पदपथ रस्त्यात पुढे ओढून कोपरा चौकोनी करायला हवा. गाडीला वळताना कष्ट पडले पाहिजेत."

"पण असा कोपरा केला कोणी? एवढ्याशा गल्लीला?"

"मी," काका म्हणाले.

मला वाटलं चेष्टा करतायत.

"अठ्ठावीस वर्षं झाली. या गल्लीतून बस जाणार होती. बसला वळायला गोलाई लागते, म्हणून एवढी मोठी दिली. मग बसचा मार्ग बदलला. बस आलीच नाही. कोपरा बदलायचा असतो हे कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. मी पुढच्या नकाशावर होतो." त्यांनी टेप गुंडाळला. "त्या वेळी मी इथे एकदाच आलो होतो. रविवारी दुपारी."

मुलगी म्हणाली, "म्हणजे हा बसचा कोपरा आहे, पण बसच नाही?"

"नाही ना."

"मग काढून टाका की!"

"तुला मंडळावर घ्यायला हवं," काका म्हणाले.

मला सगळं पटलं असं नाही. रेलिंग हाताला लागतं, दिसतं. कोपरा चौकोनी केला म्हणजे काय झालं, हे आईच्या मनाला कळायला वेळ लागतो. पण दोन दिवस मी त्या वळणाकडे बघत राहिले आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच्या अर्जातला रेलिंग हा शब्द खोडला.

पुढच्या बैठकीत अडथळा आला तो मंडळातल्या हार्डवेअरवाल्यांकडून. त्यांचं दुकान गल्लीतच आहे. "उद्या आग लागली आणि बंब आत शिरला नाही, तर जबाबदार कोण? टेप?" लोक हसले, पण प्रश्न खोटा नव्हता. आता मीही विचारात पडले. आपल्या पोरीसाठी आपण सगळ्या गल्लीला धोक्यात तर घालत नाही ना?

काकांनी वाद घातला नाही. अग्निशमन केंद्रात जाऊन ते बंबच मागून घेऊन आले, रविवारी सकाळी अर्ध्या तासासाठी. नव्या कोपऱ्याच्या रेषेवर जुने टायर मांडले. सगळी गल्ली गॅलरीत आणि फाटकांशी. हार्डवेअरवाले टायरांशेजारी कमरेवर हात ठेवून उभे. काकू खुर्ची घेऊन आल्या होत्या. "चौतीस वर्षांत यांचं काम पहिल्यांदाच बघतेय," मला म्हणाल्या. "घरी नुसते कागद दिसायचे."

बंब आला, वळायला लागला आणि अर्ध्यात अडकला. पुढे गेला, मागे आला, परत अडकला. हार्डवेअरवाल्यांनी आजूबाजूला असं पाहिलं, जणू मतदानच जिंकलं होतं. मी काकांना खिशातल्या टेपवर हात दाबून उभं राहिलेलं पाहिलं.

चालकाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "कोपरा ठीक आहे हो! ही राखाडी गाडी कोणाची? ही असेल तर आत्ताच्या कोपऱ्यातूनही मी येणार नाही."

राखाडी गाडी आमची होती.

गॅलरीतून माझा नवरा बनियनवर खाली आला. "मी इथे चौदा वर्षं लावतोय," तो मला म्हणाला, जणू गाडीला मुळं फुटली होती. मी म्हटलं, "किल्ली दे." त्याने दिली नाही, पण गाडी स्वतः काढली. बंब एका झटक्यात आत आला. टायरांना शिवलाही नाही. काकूंनी टाळ्या वाजवल्या आणि मग इकडेतिकडे बघून थांबल्या.

गाडी आता घरापासून पाच मिनिटांवर लावावी लागते. याचा उल्लेख नवरा अजून रोज करतो.

त्यानंतरच्या बैठकीत हार्डवेअरवाल्यांनी शेवटचा मुद्दा काढला. "बंब गेला, मान्य. पण तो कोपरा तज्ज्ञांनी विचार करून आखलाय. आपण कोण बदलणारे?"

काका उठले. त्यांना गप्प बसता आलं असतं. तेव्हाच्या नकाशावर सही विभागाची होती, नाव कुठेच नव्हतं. त्या खोलीत मला एकटीलाच माहीत होतं आणि मी बोलले नसते.

"तो तज्ज्ञ मी आहे," ते म्हणाले. "बससाठी आखला होता. बस आली नाही आणि मी परत येऊन पाहिलं नाही. चूक माझी."

अध्यक्षबाईंनी लेखणी थांबवली. "हे इतिवृत्तात लिहायचं का?"

"लिहा. वर्षासकट."

"बसा हो, बसा," हार्डवेअरवाले म्हणाले, आवाज खाली आणून. "एवढं काही नाही." मतदानात त्यांनी हात वर केला नाही, पण विरोधातही केला नाही. पाच विरुद्ध तीन असा ठराव झाला. अट एकच: पक्कं बांधकाम तीन महिन्यांनी, तोवर रंग आणि प्लास्टिकचे खांब लावायचे, आणि रोज सकाळी कोणीतरी तिथे उभं राहून मोजणी करायची. किती गाड्या वळल्या, किती मुलं ओलांडून गेली.

"कोण करणार?" अध्यक्षबाईंनी विचारलं. माझा हात केव्हा वर गेला ते मलाच कळलं नाही.

घरी आल्यावर मुलगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हणजे तू रोज येणारच!"

"मी मोजायला येणार. तू एकटी जा."

"मग हाक मारायची नाही. हात हलवायचा नाही."

"नाही हलवणार."

पहिल्या दिवशी मी कोपऱ्यापासून लांब, औषधाच्या दुकानाच्या पायरीवर पाटी घेऊन बसले. काकांनी तक्ता आखून दिला होता, डावीकडे गाड्या, उजवीकडे मुलं, प्रत्येकाला एक रेघ. गाड्या खांबांशी येऊन खरोखर हळू होत होत्या. एक झाली नाही, तिच्यापुढे मी जोरात रेघ ओढली. आठला दहा कमी असताना मुलांचा लोंढा आला. दप्तरं, पाण्याच्या बाटल्या, कोणाची बुटाची नाडी सुटलेली. माझा हात भराभर चालत होता, चुकू नये म्हणून मी ओठांनी मोजत होते.

घंटा झाली तेव्हा तक्त्यात त्रेसष्ट रेघा होत्या. त्यातली एक तिची. कोणती, ते शोधून मला सापडलं नाही.