कढीपत्त्याची तकाकी

बाल्कनीतल्या कुंडीत माझा कढीपत्ता सध्या असा माजलाय की पानांवरून नजर घसरते. आणि आत आरशासमोर माझी सून अश्विनी कंगव्यात अडकलेले केस बोटांनी ओढून काढतेय.

चार महिने झाले, ती मोजूनमापून खाते. सकाळी पालक, संध्याकाळी दुधी. मीठ नाही, तेल नाही, नुसतं उकडलेलं. भाजी निथळली की खालचं हिरवं पाणी ती सिंकमध्ये ओतायला निघते आणि मी म्हणते, "राहू दे, मी टाकते."

थोडं खाऊनही अंगी लागतं, हे मला कुणी शिकवायला नको. आम्ही सहा भावंडं भाकरी आणि पातळ आमटीवर वाढलो. पण भाजीचं पाणी आई त्या आमटीतच घालायची. सांडलं तर पाठीत धपाटा बसायचा. अश्विनीला एवढंच सांगायचं आहे, एका वाक्याचं काम. पण माझा वरणभात बाजूला सारून ती पाहुण्यांसमोर म्हणाली होती, "आई, तुमच्या जेवणात सत्त्व काहीच नसतं हो." ते वाक्य मला अजून पचलेलं नाही.

म्हणून पाणी गार झालं की मी ते कुंडीत ओतते. झाडाला कॅलरी मोजता येत नाहीत, बिचारं मिळेल ते घेतं.

आज कंगवा हातात घेऊनच ती बाल्कनीत आली. भिंतीला धरून क्षणभर उभी राहिली, मग एक पान चुरगाळून तिनं वास घेतला.

"आई, काय घालता हो याला?"

"काही नाही गं," मी म्हटलं. "नुसतं पाणी."