सत्तावीस संगणक, एकच सेकंद

धामणगाव बढ्याच्या कॉलेजात इंद्रभान सर तेरा वर्षं प्रोग्रामिंग शिकवत होते आणि तेरा वर्षांत त्यांनी स्वतः एकही प्रोग्राम लिहिला नव्हता. गरजच काय? जुन्या बॅचच्या एका हुशार पोराने सगळी प्रॅक्टिकलं कंपाइल करून, म्हणजे लिहिलेल्या प्रोग्रामच्या थेट चालणाऱ्या फाइली बनवून ठेवली होती. परीक्षेच्या सकाळी सर पेनड्राइव्ह काढत आणि तयार फाइली संगणकासंगणकावर प्रसादासारख्या वाटत. निकाल शंभर टक्के. तासिका तत्त्वावरची त्यांची नेमणूक त्या निकालावरच दरवर्षी वाढायची, आणि घर त्या नेमणुकीवर चालायचं.

यंदा प्रश्न आला: प्रोग्राम कधी कंपाइल झाला, ती तारीख नि वेळ दाखवा. __DATE__ आणि __TIME__ हे दोन मॅक्रो, म्हणजे तयार संकेतशब्द, प्रोग्रामिंगच्या भाषेत आयतेच असतात. कंपाइल होताना त्यांच्या जागी त्या क्षणाची तारीख-वेळ बसते. मग प्रोग्राम कितीही वेळा चालवा, तीच दिसते. पण एवढ्या खोलात शिरतील ते इंद्रभान सर कसले!

मयुरी नावाच्या मुलीने मात्र हट्टाने स्वतः टाइप केलं. सर उखडले.

"तुह्याच कॉम्प्युटरवर वेगळा टाइम काऊन येऊन राह्यला वं? सत्तावीस जनाइचा एक येते, ते का येडे हायेत?"

"म्या आत्ताच कंपाइल केला ना, सर."

"तोंड वर करून बोलू नको!"

अकरा वाजता बुलढाण्याहून परीक्षक संजीवनी मॅडम आल्या. पहिल्या पडद्यावर ११ फेब्रुवारी २०२०, चार वाजून सतरा मिनिटं, नऊ सेकंद. दुसऱ्यावर तेच. सत्ताविसाव्यावरही तेच.

"कमाल आहे सर! ही मुलं आठवीत होती तेव्हा. सगळ्यांनी एकाच सेकंदाला प्रोग्राम केला?"

"आमच्या इथं शिस्तच हाय तशी, मॅडम," सर अभिमानाने म्हणाले.

मॅडम हसल्या नाहीत. मयुरीच्या पडद्यासमोर थांबून त्यांनी तिला पूर्ण गुण दिले. मग शेऱ्याचा कागद काढला. "बाकीच्यांची परीक्षा चारला पुन्हा घेते. त्याआधी हाच प्रोग्राम तुम्ही करून दाखवा, सर. शेरा त्यानंतर लिहीन."

सर खुर्चीत बसून कीबोर्डवर अक्षरं हुडकू लागले. दहा मिनिटांत एक ओळ झाली, तीही चुकीची. लाजेने कान तापले होते. शेवटी त्यांनी मान न वळवता हाक मारली, "मयुरी, इकडं ये वं. पयल्यापासून सांग मले."

मयुरी सांगू लागली. मागे सत्तावीस पोरं जागा सोडून गोळा झाली. वर्षभरात सरांच्या तासाला एवढी हजेरी कधी लागली नव्हती.