मरायचं विसरलेल्या पेशी

अमरावतीच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते. पेशींचा मृत्यू हा माझा दरवर्षीचा धडा. दादाच्या मानेत गाठी आल्या, त्या वर्षी तो दुसऱ्या बाईंनी घेतला.

दादाचं बार्शीटाकळीला ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज. अकोल्याच्या डॉक्टरांनी रक्ताचा कॅन्सर असल्याचं सांगितलं. बाहेर येऊन गाडीत बसलो, तसं त्याने विचारलं, "तू शिकवते न हे? मंग सांग मले, काय बिघडलं?"

"प्रत्येक पेशीत सोताले संपवायची सोय असते, दादा. पेशी बिघडली की आपोआप मरते. एक प्रथिन ते मरन थांबवून धरते. तुह्या पांढऱ्या पेशीत ते लय वाढलं. त्या मरूनच नाई राहिल्या."

"म्हंजे ते प्रथिन वाईट."

"नाई. तेच मेंदूतल्या पेशी सांभाळते. त्याच्या घराण्यातली काही प्रथिनं पेशीले वाचवतात, काही मारतात. आईच्या पोटात आपली बोटं सुटी झाली, ती मधल्या पेशी मेल्या म्हनून."

ग्रीस मुरलेली बोटं पसरून तो पाहत बसला. "बाप्पा!" एवढंच म्हणाला.

त्या प्रथिनाला अडवणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या आणि गाठी विरल्या. दादा पुन्हा इंजिनाखाली शिरू लागला. वहिनीने नवस फेडला. वर्षभराने काखेत गाठ लागली. पेशींनी आता त्याच घराण्यातल्या दुसऱ्या प्रथिनाचा आधार घेतला होता.

"मंग त्याची गोळी दे म्हना," दादा म्हणाला.

"शोधून राहिले. पन हृदयही त्याच्याच भरवशावर जगते. ते दाबलं तर हृदयाले धोका."

"म्हंजे इकून मरा, नाईतर तिकून." तो हसला आणि खोकत राहिला. जंतूंशी लढणाऱ्या धड पांढऱ्या पेशी फार थोड्या उरल्या होत्या. त्या खोकल्याचा न्यूमोनिया झाला आणि अकोल्याच्या दवाखान्यातच तो गेला. शेवटपर्यंत शुद्धीत होता. मला ओळखत होता. बोलवत मात्र नव्हतं.

तेरवीनंतर वहिनीने गॅरेजचं शटर उघडलं. जवळच्या गावचा एकजण ट्रॅक्टर न्यायला आला होता. त्याचं इंजिन अर्धं खोललेलं तसंच पडलं होतं.

"भाऊ कुठं गेले?" त्याने विचारलं.

वहिनीने ट्रॅक्टरची चावी त्याच्या हातात दिली आणि ती आत गेली. मग मीच त्याला सांगितलं. सुटे भाग आम्ही दोघांनी पोत्यात भरले. गावातून दुसरा ट्रॅक्टर आणून त्याने आपला साखळीने बांधून ओढत नेला.